शेपटीखाली भेटू

प्रागमध्ये येऊन मला चारच दिवस झाले होते तेव्हा ऑफिसमधली एक मुलगी म्हणाली, शनिवारी संध्याकाळी सहाला ये, पोद ओत्सासेम. मला वाटलं एखादं हॉटेल असेल, मी स्पेलिंग विचारलं, तर ती म्हणाली अगं हॉटेल नाही, शेपटीखाली, घोड्याच्या शेपटीखाली, कुणालाही विचार, दाखवतील. आणि खरंच दाखवलं. मेट्रोच्या मुझेउम स्टेशनातून वर आले, समोर पाठमोरा भलामोठा कांस्याचा घोडा, त्याची शेपूट बरोबर माझ्याकडे, आणि त्या शेपटीखाली पंधरा-वीस माणसं नुसती उभी. कुणी फोनमध्ये, कुणी हातात फुलं घेऊन, एक आजोबा सारखे घड्याळ बघत. सगळी कुणाची ना कुणाची वाट बघत होती.

ह्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून ह्या शहरात मी जेवढा वेळ एकटीने उभं राहून काढलाय त्यातला निम्मा तरी त्या शेपटीखालीच गेला असेल. आणि उभं राहून राहून एखाद्या जागेची जी ओळख होते ना, ती गाइडबरोबर फिरून होत नाही. म्हणून हे लिहावंसं वाटतंय.

आधी जागा सांगते. त्याला वात्स्लाव चौक म्हणतात, इथली माणसं लाडाने वात्स्लावाक म्हणतात. चौक म्हटलं तरी तो चौकोनी वगैरे अजिबात नाही, साडेसातशे मीटर लांब आणि साठ मीटर रुंद असा उताराचा रस्ताच आहे, दोन्ही बाजूंना दुकानं, हॉटेलं, ऑफिसं. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालयाची घुमटवाली इमारत आणि तिच्या पुढ्यात हा घोडा. घोड्याचं तोंड उताराकडे, म्हणजे स्वार सगळा चौक नजरेखाली घालून बसलाय आणि शेपूट म्युझियमकडे. चौथ्या चार्ल्सने 1348 मध्ये नवं शहर वसवलं तेव्हा ही जागा घोड्यांच्या बाजारासाठी आखली, आणि पुढची पाचशे वर्षं तिचं नाव घोडेबाजार असंच होतं. मला हे फार आवडतं, की घोडा इथे पुतळ्याच्या कितीतरी आधीपासून होता.

वर बसलाय तो वात्स्लाव. इंग्रजीत त्याला राजा म्हणतात, पण राजा तो कधी नव्हताच, बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाचा, सरदार-राजपुत्र म्हणता येईल असा, चेकमध्ये क्नीझे. दहाव्या शतकातला. त्याची हकीकत ऐकली की पहिल्यांदा मनात येतं, ह्या माणसाचा असा घोड्यावरचा पुतळा कसा काय. म्हणजे बघा, अश्वारूढ पुतळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लढाया येतात, जिंकलेले किल्ले, उपसलेली तलवार. ह्याच्या नावावर तसं काही नाही. आजी लुद्मिला, जिने त्याला वाढवलं, तिचा 921 मध्ये त्याच्या आईच्याच माणसांनी गळा आवळला. 929 मध्ये जर्मन राजा हेन्री प्रागपर्यंत सैन्य घेऊन आला तेव्हा ह्याने त्याचं वर्चस्व मान्य करून खंडणी कबूल केली आणि लढाई टाळली. रात्री उठून स्वतः गहू दळायचा, चर्चसाठी पोळी आणि वाइन स्वतःच्या हाताने करायचा अशा कथा आहेत. आणि मग 28 सप्टेंबर 935 (काही जण 929 धरतात), धाकटा भाऊ बोलेस्लावने जेवायला बोलावलं, रात्री मेजवानी झाली, सकाळी हा प्रार्थनेला चर्चकडे निघाला तर वाटेत भावानेच वार केला. कथा अशी सांगतात की वात्स्लावने भावाला खाली पाडलं, त्याची तलवार काढून घेतली आणि मारलं मात्र नाही, सोडून दिलं. मग भावाची माणसं धावली, हा चर्चच्या दाराकडे पळाला, दार आतून बंद होतं, आणि तिथेच दाराची कडी धरलेली असताना त्याला संपवलं.

ती कडी अजून दाखवतात. प्राग किल्ल्यावरच्या संत वीतच्या कॅथेड्रलमध्ये वात्स्लावाचं चॅपेल आहे, त्याच्या दाराला सिंहाच्या तोंडातली एक कडी आहे, तीच ही म्हणून. असेल किंवा नसेल. पण मी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा माझा हात आपोआप पुढे झाला, धरायला नाही, नुसताच. तिशीही न गाठलेला एक माणूस बंद दाराची कडी हलवतोय आणि मागून स्वतःच्या भावाची माणसं येतायत, हे चित्र त्या एवढ्याशा धातूच्या गोलामुळे एकदम खरं होतं. तीन वर्षांनी त्याच भावाने त्याचं शव प्रागला आणून वात्स्लावनेच बांधायला घेतलेल्या चर्चमध्ये ठेवलं म्हणतात. त्या भावाच्या मनात काय चाललं असेल ह्याचा मी बरेचदा विचार करते.

तर असा हा हरलेला म्हणा, मारला गेलेला म्हणा, माणूस. त्याचा ह्या चौकात पहिला पुतळा 1680 च्या सुमाराचा, यान यिर्झी बेंडल नावाच्या शिल्पकाराचा, तोही घोड्यावरचाच, चौकाच्या मध्यावर. 1848 साल उजाडलं, युरोपभर क्रांतीचं वारं होतं, त्या वर्षी घोडेबाजाराचं नाव बदलून वात्स्लाव चौक झालं. त्याच वर्षी 12 जूनला त्या जुन्या पुतळ्यापाशी हजारोंनी जमून प्रार्थना केली आणि प्रार्थना संपून लोक परतताना ऑस्ट्रियन सैनिकांशी चकमक झाली, बॅरिकेड्स उभी राहिली, शहरावर तोफा डागल्या गेल्या. 17 जूनला बंड मोडलं. आणि 20 जूनला ह्याच प्रागमध्ये एक मूल जन्माला आलं, योसेफ वात्स्लाव मिस्लबेक, ज्याने पुढे आत्ताचा हा पुतळा केला. मधलं नाव बघा. मला असले योगायोग उगाच मोठे करायला आवडत नाहीत, पण हा मनातून जात नाही.

जुना पुतळा 1879 मध्ये तिथून प्रागमधल्याच विशेहराड किल्ल्यावर हलवला. मग 1894 मध्ये नव्यासाठी स्पर्धा झाली, मिस्लबेकला काम मिळालं आणि त्याच्या उरलेल्या आयुष्यात ते काम काही त्याला सुटलं नाही. सुरुवातीचे त्याचे आराखडे वेगळे होते, त्यात एक दणकट योद्धा होता, जुना स्लाव वीर, तसाच जडशीळ घोडा. वर्षं जात राहिली तसतसा तो योद्धा निवळत गेला. चेहरा शांत झाला, अंगावर चिलखत राहिलं पण नजरेतला आवेश गेला. हातात भाला आहे, त्याला निशाणही आहे, पण भाला कुणावर रोखलेला नाही, सरळ उभा धरलाय, वारकऱ्याने पताका धरावी तसा. घोड्यासाठी लष्करातला आर्दो नावाचा घोडा त्याने समोर ठेवला होता. घोड्याचं मॉडेल म्हणून नाव टिकलेले असे प्राणी जगात किती असतील!

आर्दोबद्दल थोडं सांगायलाच हवं कारण शेपटीखाली उभं राहिलं की तुमच्यासमोर स्वार नसतोच, घोडाच असतो. मागच्या मांडीचा तो भरीव गोल, त्याच्यावरून पावसाचं पाणी वर्षानुवर्षं ओघळून पडलेले हिरवट पट्टे, गुडघ्याखाली उठून दिसणारी शीर. थंडीत सकाळी दंव पडलेलं असतं तेव्हा ती शीर पांढरी दिसते आणि एक क्षण वाटतं की आत काहीतरी वाहतंय. पुढचा एक पाय उचललेला आहे. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरत असतं ना, की घोड्याचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमी होऊन गेला, दोन्ही वर म्हणजे रणांगणात मेला, चारही खाली म्हणजे अंथरुणात. तसा काही नियम नाहीये कुठे. इथे तर भावाने बोलावून मारलेला माणूस आहे, त्याच्यासाठी कुठला पाय उचलायचा? आर्दो चालायला निघालाय एवढंच. सावकाश.

चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार संत आहेत. पुढे आजी लुद्मिला आणि प्रोकोप, मागे आनेश्का आणि वोयत्येख. घोडा 1912 मध्ये उभा राहिला, पण शेवटचा वोयत्येख बसला 1924 मध्ये, आणि मिस्लबेक 1922 मध्येच गेलेला. म्हणजे स्पर्धेपासून धरलं तर तीस वर्षं, आणि पूर्ण झालेलं त्याने पाहिलं नाही.

आनेश्का मात्र माझी खास. ती मागच्या बाजूला म्हणजे आमच्याकडे, वाट बघणाऱ्यांच्या बाजूला आहे. राजघराण्यातली मुलगी, तेराव्या शतकातली, मोठमोठ्या राजांची स्थळं आलेली, तिने लग्न न करता मठ काढला, आजाऱ्यांसाठी हॉस्पिटल काढलं. पुतळ्यात जोगिणीच्या वेशात आहे, डोक्यावरून वस्त्र घेतलेलं. गंमत म्हणजे तिला इथे संतांच्या रांगेत उभं केलं तेव्हा ती अधिकृतपणे संत नव्हतीच. रोमने तिला संत जाहीर केलं 12 नोव्हेंबर 1989 ला. आणि इथे जुनी समजूत होती की आनेश्का संत होईल तेव्हा ह्या देशाचे दिवस पालटतील. 17 नोव्हेंबरला, पाचच दिवसांनी, प्रागच्या विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, पोलिसांनी झोडपलं, आणि त्यानंतर आठवडाभर हा सगळा उतार माणसांनी भरून गेला. लाखांनी लोक, खिशातल्या किल्ल्या काढून वाजवत. किल्ल्यांचा आवाज म्हणजे कम्युनिस्ट सरकारला सांगणं, चला, घरी जा आता, वेळ झाली. 24 तारखेला इथल्याच एका बाल्कनीत हावेल, सरकारविरोधी नाटककार आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष, आणि दुबचेक, 1968 मधले सुधारणावादी नेते, शेजारी शेजारी उभे होते.

पण हे माझ्या लक्षात हळूहळू येत गेलं, की ह्या घोड्यापाशी लोक जिंकल्यावरच येतात असं नाही. 28 ऑक्टोबर 1918 ला इझिडोर झाहराडनिक नावाच्या धर्मगुरूने ह्याच पुतळ्यापाशी स्वतंत्र देश झाल्याचं जाहीर केलं, तो आनंद होताच. पण ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात घुसले तेव्हाही लोक इथेच आले. तेव्हाचे फोटो आहेत, घोड्याच्या पायांना, चौथऱ्याला, संतांच्या अंगाला सगळीकडे पत्रकं चिकटवलेली, मुलं वर चढून बसलेली, आणि मागे म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर रशियन सैनिकांच्या गोळ्यांनी पडलेली भोकं. पुढच्या जानेवारीत, 16 तारखेला, यान पालाख नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याच्या निषेधात म्युझियमच्या कारंज्यापाशी स्वतःला पेटवून घेतलं. महिन्याभराने यान झायित्सने, तो अठराचा होता. दोघांचे चेहरे असलेला एक छोटासा दगड घोड्याच्या पुढ्यात जमिनीलगत आहे, कम्युनिस्ट काळात बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ. तिथे बहुतेक वेळा एखादी मेणबत्ती, एखादं फूल असतंच. 2011 च्या डिसेंबरात हावेल गेले तेव्हा इथे मेणबत्त्यांचा नुसता सडा पडला होता. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला त्या आठवड्यात मी स्वतः इथे होते, निळे-पिवळे झेंडे, आणि माझ्या शेजारी एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन काही न बोलता उभी, तासभर तरी.

असं का, हे मला बाबा आल्यावर कळलं.

बाबा म्हणजे एसटीत कंडक्टर होते, कुडाळ डेपोला, तेहतीस वर्षं. आई गेल्यानंतर दोन वर्षं मी मागे लागले होते तेव्हा कुठे सप्टेंबरात दोन महिन्यांसाठी आले. पहिल्याच रविवारी त्यांना घोडा दाखवायला नेलं. मला वाटलं होतं म्युझियम बघतील, इमारती बघतील. ते शेपटीखालच्या माणसांकडेच बघत राहिले. एसटी स्टँडवर आयुष्य गेलेला माणूस, वाट बघणाऱ्यांची त्यांना बरोबर पारख. "गो, हयसर सगळे कोणाची ना कोणाची वाट बघतत," म्हणाले, मग वर बघून, "घोड्याक घाई नाय." मी त्यांना शब्द शिकवला, पोद ओत्सासेम. त्यांनी तो दोन-तीनदा म्हणून बघितला, डायरीत लिहून ठेवला, देवनागरीत. म्हटलं बाबा, कधी चुकामूक झाली तर इथेच यायचं.

मग पुढे जाऊन चौथऱ्यावरची अक्षरं वाचून दाखवली. तोपर्यंत मला मोडकंतोडकं चेक यायला लागलं होतं. बाराव्या शतकातलं एक प्रार्थनागीत आहे, चेक भाषेतल्या सगळ्यात जुन्या गाण्यांपैकी, त्याच्यातल्या ओळी तिथे आहेत. "संत वात्स्लावा, चेक भूमीच्या धन्या, आमच्या राजपुत्रा, आम्हाला नाश पावू देऊ नको, ना पुढे येणाऱ्यांना." नेदेय झाहिनोउती नाम नि बुदोउत्सीम. मी 'नेदेय' वर बोट ठेवलं, बाबा हे बघा, हे आपलंच आहे, न देय, होऊ न देणे, 'दे' तोच, आणि वाक्यही आपल्यासारखंच, नाश होऊ देऊ नको. बाबा काही वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यां तर गाऱ्हाणां गो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे कोकणात देवळात गाऱ्हाणं घालतात. जत्रा असो, पेरणी असो, कुणाचं लग्न असो, गावचा मानकरी नाहीतर गुरव देवापुढे उभा राहून मोठ्याने बोलतो, बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत, त्यांका सुखी ठेव, जी पोटापाण्यासाठी भायर गेली आसत त्यांची वाट राख, असं करत करत एकेक मागणं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, होय म्हाराजा. त्यात स्तुती फार नसते. पराक्रमाचं वर्णन नसतं. सांभाळ, एवढंच असतं. आमच्यानंतरच्यांना पण सांभाळ.

मला त्या क्षणी ते सगळं एका रेषेत दिसलं. एवढा मोठा घोडा, एवढा उंच चौथरा, आणि त्याच्यावर कुठे जिंकल्याची तारीख नाही, किती शत्रू मारले ते नाही, महान, पराक्रमी, असलं एक विशेषण नाही. खाली उभ्या असलेल्या माणसांचं मागणं कोरलंय. पुतळा वात्स्लावाचा आहे पण बोलतायत त्याच्यावर ते आपण, खालचे. म्हणून मग 1848 ला इथे, 1968 ला इथे, 1989 ला इथे. ज्याला स्वतःला दाराशी कुणी वाचवलं नाही त्याच्याकडेच लोक हजार वर्षं वाचव म्हणून येतायत, हे मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण मला ते खोटंही वाटत नाही. ज्याने बंद दार बघितलंय त्याला कळेल, असं काहीतरी असावं. ब्लानिक नावाच्या डोंगरात त्याचे शूर झोपलेत आणि देशावर सगळ्यात वाईट वेळ येईल तेव्हा तो त्यांना घेऊन बाहेर येईल, अशीही कथा लहान मुलांना सांगतात. 1999 मध्ये डाविड चेर्नी नावाच्या कलाकाराने मेलेला घोडा पाय बांधून उलटा टांगला आणि त्याच्या पोटावर वात्स्लावाला बसवला, तो शेजारच्या लुत्सेर्ना पॅसेजमध्ये छताला लटकतोय. बाबांना तो पण दाखवला. त्यांना आवडला नाही, लगेच बाहेर आले. मला मात्र त्यात राग दिसतो, आणि राग जिवंत नात्यातच येतो.

त्यानंतर साधारण दहा दिवसांनी बाबा हरवले.

मी ऑफिसला होते. ते रोज घराभोवती चक्कर मारायचे, त्या दिवशी बहुतेक एक वळण चुकलं आणि मग चालत राहिले. फोन होता पण चार्ज केलेला नव्हता. दुपारी तीनला मी फोन केला तर बंद, चारला बंद, मग घरी आले तर घर रिकामं. तो तासभर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. शेजाऱ्यांची दारं वाजवली, बागेत गेले, ट्रामच्या स्टॉपवर गेले. पोलिसांना फोन लावला आणि मला चेकमध्ये 'वडील' हा शब्द आठवेना. एवढा रोजचा शब्द.

इकडे बाबा चालत चालत प्रागच्या झिझकोव भागात पोचले होते. कुणाला इंग्रजी येत नव्हतं, बाबांनाही बेताचंच. त्यांनी 'हॉर्स, हॉर्स' म्हणून विचारलं तर एका मुलाने उत्साहाने वर बोट दाखवलं. तिथे वीतकोव टेकडी आहे आणि तिच्यावर यान झिझकाचा पुतळा. हा झिझका पंधराव्या शतकातला सेनापती, एका डोळ्याने आंधळा, पुढे दुसराही गेला तरी लढत राहिला आणि एकही मोठी लढाई हरला नाही असं सांगतात. त्याचा तो घोडा नऊ मीटर उंच, जगातल्या सगळ्यात मोठ्या कांस्य अश्वारूढ पुतळ्यांमध्ये गणला जातो, बोहुमिल काफ्काने केलेला, 1950 मध्ये बसवलेला. बाबा पासष्टीचे, गुडघे दुखणारे, ती टेकडी चढले. वर पोचून बघितलं. मग मला नंतर सांगत होते, "बगलंय, ह्यो तो घोडो न्हय. हयसर कोणच वाट बघीत नाय."

खरंच तिथे कुणी वाट बघत नाही. जागा भव्य आहे, वारा आहे, सगळं शहर दिसतं. तो पुतळा जिंकणाऱ्याचा आहे, लोक बघतात, फोटो काढतात आणि उतरतात.

उतरताना बाबांना बाकावर एक आजी दिसल्या, कुत्र्याला घेऊन बसलेल्या. बाबांनी डायरी काढली, आणि चित्र काढलं. ती डायरी मी नंतर घेऊन बघितली. बॉलपेनने काढलेला घोडा, कुत्र्यासारखा दिसणारा, पण शेपूट व्यवस्थित, लांब, आणि शेपटीखाली टोपी घातलेला एक माणूस. आजी चित्राकडे बघून, मग बाबांच्या टोपीकडे बघून, म्हणाल्या, "आहा! पोद ओत्सासेम!" आणि बाबा सांगतात, तो शब्द कानावर पडल्यावर त्यांचे पायच मऊ झाले. होय होय, ओत्सासेम, ओत्सासेम. आजींनी त्यांना हाताला धरून ट्राममध्ये बसवलं, स्वतः बरोबर आल्या, कुत्राही आला, मुझेउमला उतरवून घोड्यापर्यंत सोडलं आणि गेल्या. त्यांचं नाव आम्हाला माहीत नाही.

मला साडेपाचला एकदम सुचलं. मेट्रोचे ते जिने मी कसे चढले देव जाणे. वर आले तर शेपटीखाली दहा-बारा माणसं उभी होती आणि त्यांच्यात, आनेश्काच्या पायाशी, राखाडी स्वेटर आणि टोपी घालून बाबा. अगदी बाकीच्यांसारखे, घड्याळ बघत. मी धावत जाऊन त्यांना धरलं तर मलाच म्हणाले, "रडतंस कित्याक? माका म्हायत होतां तू येतलंस." तेव्हा मला चौथऱ्यावरची ओळ आठवली. झाहिनोउती म्हणजे नाश पावणं. पण मी तेव्हापासून ती ओळ मनात वेगळी वाचते. आम्हाला हरवू देऊ नको, ना पुढच्यांना.

28 सप्टेंबरला इथे सुट्टी असते, वात्स्लाव मारला गेला तो दिवस, 2000 सालापासून राज्यत्वाचा दिवस म्हणून. त्या दिवशी आम्ही बसने स्तारा बोलेस्लावला गेलो, जिथे ते चर्चचं दार होतं. दरवर्षी यात्रा भरते, प्रागहून वात्स्लावाची कवटी आणतात, मिरवणूक निघते. बाबांना यात्रा म्हटल्यावर फारच घरच्यासारखं झालं, गर्दीत कुठे उभं राहायचं ते त्यांनीच ठरवलं. कवटी समोरून गेली तेव्हा त्यांनी टोपी काढली. मग ते जुनं गाणं सुरू झालं, संथ, एका सुरात, म्हाताऱ्या बाया, मुलं, बिशप, सगळे. नेदेय झाहिनोउती नाम नि बुदोउत्सीम. माझ्या शेजारून अगदी हळू आवाज आला, "होय म्हाराजा." पुढच्या कडव्यालाही आला. प्रत्येक कडव्याला. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं, आणि हसून मान हलवली.

बाबा नोव्हेंबरात परत गेले. डिसेंबरात आमच्या गावची जत्रा असते. त्या संध्याकाळी मी मैत्रिणीची वाट बघत शेपटीखालीच उभी होते, इथले साडेचार, अंधारून आलेलं, दिवे लागलेले, थंडी मी म्हणत होती. बाबांचा फोन आला, म्हणाले फोन ठेवू नको, ऐक. देवळातला गलका, मग एकदम शांत, मग मानकऱ्यांचा आवाज. बा देवा म्हाराजा. जी लेकरां मुंबैक आसत, जी पुण्याक आसत, जी आखातात आसत. होय म्हाराजा. आणि मग, थोडं अडखळून, बाबांनी आधी दोन-तीनदा पाठ करून घेतलं असणार, "जी तकडे प्रागाक आसत, घोड्याखाली, तेंची वाट राख म्हाराजा."

मी फोन कानाशी घट्ट धरून म्हटलं, होय म्हाराजा. शेजारी हातात फुलं घेतलेला एक मुलगा उभा होता, त्याने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मेट्रोच्या जिन्यातून त्याची मैत्रीण आली आणि ते दोघं उताराने खाली निघून गेले.